शीटमधला देवाचा कॉलम

४ मे, रविवार

...तर मुद्दा तोच. जायचं तर आहेच, पण कुठे, हे घरात कोणीच बोलत नाही. म्हणून मी शीट बनवली!

गेटवर म्युनिसिपालिटीची नोटीस लागली त्याला आज नऊ दिवस झाले. आमची बिल्डिंग सी-वन. म्हणजे राहायला धोकादायक, पावसाआधी खाली करा. घाटकोपर, भटवाडी, दुसरा मजला. मी, नितेश, साडेतीन वर्षांची ऋतिका आणि नितेशचे आई-पप्पा. नवी बिल्डिंग व्हायला तीन वर्षं म्हणतायत. तीनची सहा होतात हे सगळ्यांना माहितीय.

शीटमध्ये बदलापूर, अंबरनाथ, विरार, पनवेल. कॉलम – शाळा, पाणी, हॉस्पिटल, माझं अंधेरीचं ऑफिस, नितेशचं मुलुंडचं. प्रत्येकाला दहापैकी मार्क. नितेश म्हणाला, श्वेता, तू घर शोधतेयस की आयपीएलची टीम? आई भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या त्या तक्त्यात शेजारीण खंय बसता, ता सांग."

हसले. पण कॉलम टाकला. शेजारी – नंतर बघू.

६ मे

बेडरूमच्या छताला तडा आहे. ऋतिकाच्या गादीच्या बरोब्बर वर. स्टुलावर चढले, तडा संपतो तिथे तिच्या जांभळ्या क्रेयॉनने रेघ मारली. बाजूला तारीख लिहिली.

८ मे

तडा रेघेच्या पुढे गेलाय. एक पेर. मी तीनदा पाहिलं.

गादी हॉलमध्ये आणली. आईंना सांगितलं, आत पंखा आवाज करतो.

१० मे, शनिवार

बदलापूर. मी आणि नितेश. फ्लॅट झकास – मोठी बाल्कनी, समोर डोंगर. एजंट म्हणे, मॅडम, इथे सकाळी उठलं की माथेरानला आल्यासारखं वाटतं. मी आनंदाने मार्क देत सुटले. मग खाली पार्किंगच्या खांबांवर नजर गेली. माझ्या खांद्याच्या वर मातकट पट्टा. सगळ्या खांबांवर, एका लेव्हलला. एजंट म्हणाला, जुना रंग आहे. गेटबाहेर एक बाई काकडी विकत बसली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, रंग कसला, नदी येते ना, आमची हातगाडी मंदिराच्या पायऱ्यांवर चढवतो आम्ही.

कट.

पण दिवसभर खरी भीती वेगळीच होती. आम्ही चांगलं घर बघत फिरतोय आणि ऋतिका त्या छताखाली! आईंना तीन फोन केले. उचलेनात. नितेशला म्हटलं, चल परत. रिक्षात बसेपर्यंत त्यांचा फोन आला – गच्चीवर कुरडया घालत होत्या, ऋतिका सोबत. मी रस्त्यात रडले. नितेश माझी पर्स धरून उभा राहिला.

११ मे

अंबरनाथ. तिसरा मजला, लिफ्ट आहे. मालक देवव्रत म्हणून रिटायर्ड शिक्षक, वरच्याच मजल्यावर राहतात. मी छतं बघितली. सगळी. बाथरूमचंसुद्धा. ते म्हणाले, एवढं वर बघणारी भाडेकरू पहिल्यांदाच आली.

ऋतिकाला या वेळी बरोबरच नेलं होतं. तिला कडेवर घेऊन मुलांच्या हॉस्पिटलपर्यंत चालत गेले, मोबाईलवर टाइम लावून. सात मिनिटं! नितेशला म्हटलं, हेच. तोही म्हणाला, हेच. किती दिवसांनी आम्ही एकत्र एक वाक्य बोललो.

देवव्रत सर शुक्रवार २३ तारखेपर्यंत थांबतायत. संध्याकाळी सहाला हो की नाही सांगायचं. नंतर ते दुसऱ्यांना देणार.

१३ मे

सकाळी आठला जिन्यात प्लॅस्टर पडलं. पहिल्या मजल्यावर, जिथे तिथल्या शेजाऱ्यांचा मिहिर सायकल लावतो तिथे. सायकलचं हँडल वाकलं. मिहिर त्या वेळी दूध आणायला खाली गेला होता. त्याची आई जिन्यात बसून राहिली, उठेचना. सात वर्षांचा आहे तो.

मी आणि ऋतिका त्या जिन्यातून साडेआठला उतरतो. रोज.

१४ मे

जेवताना सगळ्यांना सांगितलं. शीट टीव्हीवर लावली, फोटो दाखवले. आई विचारत होत्या – तुळस कुठे ठेवायची, पाणी किती वाजता. म्हणजे त्या तयार. राहिले पप्पा. त्यांची मिल बंद पडली तेव्हा लालबाग सोडून ते इथे आले, तेव्हापासून इथेच. ताट सरकवून त्यांनी एकच विचारलं, सकाळी बसूक काय आसा थंय? बसायच्या जागेचा कॉलम माझ्याकडे नव्हता. मग म्हणाले, "देवाक इचारल्याशिवाय मी हलूचंय नाय."

आणि मीच – मीच! – म्हणाले, मग विचारा ना पप्पा! ऑफिसात आम्ही करतो तसं. जो विरोधात आहे त्याला प्रोसेसमध्ये घ्यायचं, की तो आपोआप आपल्या बाजूला येतो. मला वाटलं किती हुशार मी.

हे विचारणं म्हणजे कौल लावणं. ह्यांच्या कोकणातल्या गावच्या देवळात गुरव देवाच्या पाषाणाला भिजवलेले तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडचे पडले तर हो, डावीकडचे पडले तर नाही. पप्पांनी तिथल्या तिथे श्यामसुंदर गुरवांना फोन लावला, अंबरनाथला जावं का म्हणून. मी शीटमध्ये नवा कॉलम टाकला – देव. नितेश हसला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

१८ मे, रविवार

दुपारी गुरवांचा फोन आला. पप्पा फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेले. मी ऋतिकाला वरण-भात भरवत होते, चमचा हातातच राहिला. पप्पा आत आले, टोपी काढून खुंटीला लावली.

"कौल डावो पडलो," म्हणाले. आणि झोपायला गेले.

१९ मे

मी पार्ल्यात वाढले, इंग्लिश मीडियम, आमच्याकडे देव म्हणजे गणपतीचे दीड दिवस. मी हे नाही मानत. नाही मानत. मग सकाळपासून हे काय चाललंय? अंबरनाथच्या त्या लिफ्टमध्ये ऋतिकाचं बोट अडकलंय असं दिसतं मला. तिला साधा ताप आला तरी सगळे माझ्याकडे बघतील. 

आधी फक्त छताची भीती होती. आता जिथे जायचं तिथलीसुद्धा आहे. वाट लावून घेतली मी स्वतःची.

२१ मे

तडा आता ट्यूबलाइटपर्यंत. आईंनी पाहिला. मग देवघरसुद्धा त्यांनी हॉलमध्ये आणलं.

नितेशशी भांडले. म्हटलं, तू इंजिनिअर आहेस ना रे, वर बघ एकदा! तो म्हणाला, बघितलंय, रोज बघतो. मग म्हणाला, "डावा कौल असताना काका बोटीवर गेला. परत नाही आला. मी नऊ वर्षांचा होतो. ऋतिकाला घेऊन मी ते करू शकत नाही गं."

बोलताना तो ऋतिकाचं पांघरूण सारखं करत राहिला. म्हणजे तोही माझ्याइतकाच घाबरलाय, फक्त दुसऱ्या बाजूने. 

२२ मे

आयडिया! कौल अंबरनाथला नाही म्हणाला, जायला नाही म्हणाला नाही. विरार विचारू, पनवेल विचारू. देवाला ऑप्शन तर देऊया. पप्पांना म्हटलं, तर ते पेपरची उलटी घडी घालत म्हणाले, पुन्ना पुन्ना इचारूचा नसता. ठीक आहे. नितेशच्या फोनमधून गुरवांचा नंबर घेतलाय. उद्या मीच विचारते.

२३ मे, शुक्रवार

सकाळी अकराला फोन लागला. मी म्हटलं, दशरथ पप्पांची सून बोलतेय, रविवारी डावा कौल आला ना, म्हणून – गुरवांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "डावो? नाय गो बाय. उजवो इलो. पयल्याच खेपेक. दशरथाक मी सांगलंय तसा."

पप्पा हॉलमध्ये आहेत. ऋतिकाला केळं सोलून देतायत. देवासमोर विडा ठेवल्याशिवाय कधी गावाची गाडी न पकडणारा माणूस, आणि देवाचं हो त्यांनी नाही करून सांगितलं.

सहा वाजता उत्तर द्यायचंय. नितेशला सांगितलं तर आज आम्ही सुटू, पण तो त्याच्या बापाकडे पुन्हा कधी तसा बघणार नाही. पप्पांना एकट्यांना विचारलं आणि ते गप्पच बसले तर?

डायरी, तुला काय वाटतं – आधी कोणाशी बोलू?