तिसरा ठोका

कल्याण, सोमवार, ता. ७ नोव्हेंबर १८९२

सरकारनं मला दिलेल्या मेजाचा डावा पुढचा पाय आखूड आहे. या अन्यायाची नोंद कुठंतरी राहावी म्हणून आजपासून ही रोजनिशी सुरू करतो. मेज उलटं करून मी रीतसर तपासणी केली. खूर शाबूत, सांधा घट्ट, अंगात ताप नाही. व्यंग जन्मजात दिसतं. दौत सारखी माझ्या मांडीकडं निघते. हिंदुस्थानचं राज्य चालवणाऱ्यांना चार पाय सारखे कापता येऊ नयेत, याचं मला मनस्वी दुःख झालं.

बाकी सगळं झकास. खाडीवरून वारा येतो, खोली कोरडी आहे, शेजारी भांडत नाहीत. गोविंदा नावाचा पन्नाशीचा शिपाई दिमतीला आहे. माझी पदवी त्याच्या जिभेवर बसत नाही, म्हणून तो मला 'ढोरांचे रावसाहेब' म्हणतो. प्रमाणपत्रापेक्षा हे खरं तर अचूक आहे.

काम असं. कल्याणच्या पेठेत गवत आणि मीठ ओढणारे बैल दोन महिन्यांपासून पटापट मरताहेत. माझ्या मते घटसर्प. तो वेळेवर ओळखायचा कसा आणि उपाय काय, यावर महिन्याभरात अहवाल द्यायचा. ठाकुर्लीच्या वाटेवर एका गोठ्यात बारा संशयित बैल वेगळे बांधलेत. अहवाल पसंत पडला तर मुंबईला गुरांच्या शाळेत शिकवण्याची जागा मिळेल, असं खात्याच्या गोऱ्या साहेबांनी समक्ष सांगितलं आहे. बावीस वर्षं ठाण्याच्या कचेरीत नकला उतरवून, एक्केचाळिसाव्या वर्षी मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या बाकावर बसून मी गुरांच्या डॉक्टरीची परीक्षा दिली. ती जागा माझी आहे.

गुरुवार, ता. १०

गोठ्यावर पोचलो तर माझ्याआधी एक मनुष्य हजर. काळुराम, मिठागरावर काम करणारा आगरी, माझ्याच वयाचा, गुडघ्यापर्यंत चिखल. बैलाच्या डाव्या कोपराच्या मागं कान लावून, डोळे मिटून उभा. मला वाटलं, झोपला. गोविंदानं अगदी जावयाची ओळख करून द्यावी तशा कौतुकानं सांगितलं की या टापूत तीस वर्षं ढोर आजारी पडलं की आधी काळुराम. मग देव. मग कुणीही.

काय ऐकतोस म्हणून विचारलं. ठोके, म्हणाला. मी त्याला काळजाच्या झडपा आणि त्यांचे दोन आवाज यांवर छोटंसं व्याख्यान दिलं. ते त्यानं बैलाइतक्याच शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन सगल्यांचं असतान, दाक्तर. तू दोन ऐक. मी तिसरा ऐकतंय. मागला."

(यांच्या बोलीत 'तुम्ही' नाही; कलेक्टरलाही 'तू'च म्हणतील. माझी तक्रार नाही. आहे.)

त्याचं म्हणणं असं की प्रत्येक जिवाच्या मागून एक जण चालत असतो. लांब असतो तेव्हा त्याचं पाऊल उशिरा ऐकू येतं. जवळ आला की ठोक्यांमधलं अंतर कमी होतं. गाठलं की संपलं. लांब असेल त्याला तो ओवा-गूळ देतो, शेकतो, आणि ते उठतं. जवळ असेल त्याला नुसता हात फिरवतो. त्यानं तीन बैल दाखवले: हा शनिवारी, तो रविवारी, कोपऱ्यातला तांबडा सोमवारी. मी तिन्हींचा ताप मोजला. माणसाला हेवा वाटावा इतका व्यवस्थित होता.

सोमवार, ता. १४

शनिवारी एक. रविवारी एक. तांबडा आज सकाळी. तिघांचाही ताप आदल्या रात्रीपर्यंत चढला नव्हता. माझी तापाची नळी ज्या रोगाचा सुगावा बारा तास आधी लावते, तो हा चिखल्या चार दिवस आधी सांगतो. दुपारी गाडीवान जमले आणि माझ्यादेखत त्याच्या पाया पडले. माझा कोट कुणालाच दिसला नाही. मोठ्या बटणांचा कोट आहे.

बुधवार, ता. १६

दोन दिवस नऊच्या नऊ बैलांना लाकडी नळी लावून ऐकलं. नळीशिवायही ऐकलं. कानाला गोचीड चिकटली, तिसरा ठोका काही आला नाही. काळुरामला शिकव म्हटलं, नको म्हणाला. इनाम देतो म्हटलं, हसला. आधी मला त्याची विद्या नको होती, फक्त ती त्याच्याकडं नसती तर बरं झालं असतं. आता मलाच हवी आहे. जेवताना, नाहताना तोच विचार. अडाण्यानं कान लावावा आणि शिकलेल्यानं शेपूट उचलून तापाची नळी धरावी?

शनिवार, ता. १९

आज मी एक गोष्ट केली, तिला फारसा चांगला शब्द नाही. काळुरामच्या झोपडीवर गेलो. त्याला समजावलं की मरणाचा वार आधी सांगणारा माणूस काहीतरी चारत असला पाहिजे, असा साहेबांचा समज सहज होऊ शकतो. माझ्या एका ओळीवर ठाण्याहून पोलीस येतील.

त्याची बायको तुळसा दारात सुकी मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिव तुजी वळ. हात झरल तुजा." (झडेल; यांच्या तोंडी 'ड'चा 'र' होतो.)

काळुराम मात्र उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तुना ऐकाचाच हाय ना? चल. पन त्यो कान एकदा उघरला का मंग बंद होत नाय."

गोठ्यात त्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून बैलाच्या बगलेत दाबलं, आणि दुसऱ्या बाजूनं स्वतःचा कान लावला. मध्ये बैल, दोन्हीकडं आम्ही. बराच वेळ दोनच ठोके. आणि मग, खूप मागून, ओल्या मातीत पाय पडावा तसा, तिसरा.

मी ओरडलोच आनंदानं. काळुराम उभा राहिला, कानात पाणी गेल्यासारखं डोकं झटकलं, पुन्हा कान लावला, पुन्हा झटकलं. तुळसा मागोमाग आली होती. तिच्याकडं वळून तो रडायला लागला, "गेला! गेला गं तुळसे!"

म्हणजे विद्या त्याच्याकडून गेली आणि माझ्याकडं आली. घरी येताना मी शीळ घातली. कित्येक वर्षांत घातली नव्हती.

शुक्रवार, ता. २५

नऊपैकी नऊ अंदाज खरे. वार चुकला नाही. नवीन आलेले सहा बैल मी नुसते ऐकून वेगळे केले. पाच उपचारांनी उठले, सहावा उठणार नाही हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. साहेबांचं पत्र आलं. 'हरिहरपंतांची श्रवणपद्धती', म्हणजे माझी, असा शब्द त्यांनी वापरला आहे. मी तो सात वेळा वाचला. पुढच्या रविवारी ते स्वतः शिकायला येणार.

काळुरामला गोठ्याची बंदी केली. अहवालात एक वाक्य टाकलं: 'येथील काळुराम नामक ढोंगी इसमाने कामात व्यत्यय आणला.' व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य आहे.

रविवार, ता. २७

काळुराम दिसला. भर दुपारी बांधावर, उताणा, तोंड उघडं टाकून घोरत होता. तुळसानं सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदा तो असा झोपतो आहे. झोपेत हसतो म्हणे.

लुटलेल्या माणसानं असं घोरावं? मी मागं उभा राहून बघत होतो. मला दोन रात्री झोप नाही. उशीवर डोकं ठेवलं की आळीतली सगळी गुरं ऐकू येतात. आता कान लावावा लागत नाही. रस्त्यावरून टांगा गेला तरी घोड्याचं कळतं. त्याच्या मागल्याचंही.

मंगळवार, ता. २९

सकाळी गोविंदानं पाण्याचा तांब्या पुढं केला. दोन हातांवरून ऐकू आलं.

तिसरा. अगदी चिकटून.

मी त्याला म्हटलं, घरी जा, पोराबाळांत बस. तो हसायला लागला, "ढोरांचे रावसाहेब, मी काय बैल आहे?" मी थर्मामीटर लावलं, नाडी बघितली, पाठ ठोकून पाहिली. सगळं उत्तम.

चार वाजता ओट्यावर तपकीर ओढायला बसला. तसाच बसून राहिला.

काळुराम अशा माणसांमध्ये तीस वर्षं कसा वावरला? बाजारात कसा जात होता? बायकोच्या शेजारी कसा—

गुरुवार, ता. १ डिसेंबर

कानात कापूस. त्यावर मेण. उपयोग नाही.

आज उशी काढून टाकली. उशीत ऐकू येत होता. बैलाचा नव्हे. आळीतला नव्हे.

आधी वाटलं, शेजारी कुणी उखळ कांडतंय. मग मी श्वास रोखला, आणि दोन जोरात झाले, आणि तिसराही.

काल आणि आज घड्याळ लावून मोजलं. अंतर काल रात्रीपेक्षा कमी.

शुक्रवार, ता. २

काळुरामकडं गेलो. परत घे म्हटलं. पाया पडतो म्हटलं. पडलो.

तुळसा कोयता घेऊन दारात उभी. आत येऊ दिलं नाही. त्यानं आतूनच विचारलं, "तुजा किती लांब हाय?" मी सांगितलं. तो दाराजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, त्याला स्वतःचाही ऐकू यायचा. तीस वर्षं. पार खाडीपलीकडं असल्यासारखा. लांब हाय, म्हणायचा, न् मीठ ओढायचा.

खाडीपलीकडं!

माझा दारात आणि त्याचा खाडीपलीकडं. इथंसुद्धा. सांगताना लाज वाटते, पण भीतीच्या आधी मला तेच टोचलं.

पुढं म्हणाला, दुसऱ्याला दिलं की ऐकू येणं बंद होतं. मागला थांबत नाही. नुसता ऐकू येत नाही. "पन झोप लागते, दाक्तर. गोर झोप."

शनिवार, ता. ३

उद्या दहाला साहेब. कान लावायला उत्सुक आहेत. पत्रात दोनदा लिहिलंय.

मधे एक बैल — मी डावीकडं, ते उजवीकडं — आणि मी झोपेन. कितीही थोडा वेळ असो, झोपेन.

नाही देणार. उपकार नव्हे. माझं आहे ते. काळुरामकडून एवढं करून मिळवलेलं — त्या गोऱ्याला फुकट? त्याच्या नावाची श्रवणपद्धती होईल उद्या. नाही.

बंदीचा हुकूम फाडला. गोठा काळुराम बघेल, ओवा-गुळानं.

अंतर फार — बोटभर —

अहवाल काढला. 'ढोंगी' खोडलं. वर 'माझे गुरू' लिहायला घेतलं, पण हात वळेना. माझ्याच वयाचा, चिखल्या — शेवटी 'जाणकार' लिहिलं. 'ही पद्धती मूळ त्याची.' खाली सही. एवढं देणं होतं.

शाई वाळू देतो.

एक, दोन — आणि लगेच —

एक, दो

आता मधे जागाच उर