रांगेतलं एक पान

३ जून
कामाचा पहिला दिवस चांगला गेला. सहाव्या मजल्यावर छपाईची खोली, खिडकीतून ऊन, माझी स्वतःची खुर्ची. आमचे हे याच विमा कचेरीत दहा वर्षं होते. सव्वा वर्षापूर्वी अपघातात गेले, आणि आता मला इथे घेतलं. ठमीने सकाळी माझे बूट पुसून दारात ठेवले होते. दुसरीतली माझी लेक, पण डबा घेतलास का, रुमाल घेतलास का, अगदी सासूबाईंच्या थाटात.

खोलीच्या प्रमुखांना सगळे काका म्हणतात. त्यांनी काम समजावलं. इमारतीत अकरा प्रिंटर. टेबलावरून प्रिंट दिली तरी कागद लगेच निघत नाही. काम सर्व्हरवरच्या रांगेत थांबतं. माणूस कुठल्याही प्रिंटरपाशी गेला, कार्ड टेकवलं, की सुटतं. चोवीस तासांत कुणी आलं नाही तर पुसलं जातं. काका म्हणाले, पूर्वी लोक एकमेकांच्या पगाराचे कागद वाचायचे, आता बिचाऱ्यांना दिवसभर करमत नाही.

५ जून
रांगेत रोज सकाळी नऊ दहाला एक काम येतं. एक पान. मालकाच्या रकान्यात ह्यांचं नाव.

काकांनी मान वर न करता सांगितलं की खातं बंद करायचं राहून गेलंय. अपघाताच्या सकाळचं काम अडकलंय. रोज पुसलं जातं, रोज येतं. त्यांनी चारदा काढून पाहिलं. म्हणाले, तुझ्याकडे काही मागतंय का ते? मग राहू दे.

७ जून
राहू दिलं नाही.

कार्डाशिवाय सोडता येत नाही, आणि ह्यांचं कार्ड अपघातानंतर सापडलंच नव्हतं. पण रजेवर गेलेल्याचे कागद दुसऱ्याला घेता यावेत म्हणून प्रतिनिधी नेमायची सोय आहे. काका जेवायला गेल्यावर मी ह्यांच्या नावापुढे प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलं. खाली ‘परस्पर’ या चौकोनात आधीपासूनच खूण होती. म्हणजे तेही माझे प्रतिनिधी. मी ती तशीच ठेवली. तिची कुणाला अडचण होणार होती?

कार्ड टेकवलं. गरम पान हातात आलं. ठमीच्या शाळेचा परवाना. मुलीला घरी नेण्याचा अधिकार कुणाला, याचा. पहिल्या ओळीत मी, दुसरीत हे. तेव्हा ती बालवर्गात होती.

जिन्यात बसून थोडं रडले. बरं वाटलं.

१० जून
नऊ दहाला काही आलं नाही. काका म्हणाले, मंतर मारलास की काय.

११ जून
माझी दोन पानं गेली. प्रिंटरपाशी पोचले तर काम आधीच सुटलेलं, ट्रे रिकामा. नोंदीत लिहिलंय: सहावा मजला, सोडणारा – प्रतिनिधी.

मला एकच प्रतिनिधी आहे.

१२ जून
आज चौथा मजला. काकांना दाखवलं. ते एवढंच म्हणाले की ह्यांचं कार्ड सापडलं नव्हतं ना? आणि डबा न उघडता घरी गेले.

प्रतिनिधी काढायला गेले. मालकाची, म्हणजे ह्यांची, संमती लागते असं येतं.

१३ जून
माझी चूक. शाळेला यंदाचा परवाना उद्याच हवा होता. सवयीने इथूनच प्रिंट दिली. सही स्कॅन केलेली. पहिल्या ओळीत मी. दुसरी ओळ रिकामी.

आठवलं तेव्हा सहा मजले धावत उतरले. नोंदीत तळमजल्यावरचा प्रिंटर होता, फाटकाशेजारचा. ट्रे अजून गरम. पान नाही.

शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, परवाना आत्ताच मिळाला की. ठमीचे बाबा स्वतः देऊन गेले. दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलंय, अक्षर किती सुरेख आहे हो त्यांचं.

मी म्हटलं ते हयात नाहीत. बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या की घरातले वाद घरात ठेवा, आणि नाव काढायचं असेल तर लेखी द्या.

१४ जून
लेखी दिलं. हाताने लिहून, स्वतः नेऊन. ठमीला शाळेत पाठवलं नाही. माझ्याबरोबर आणलं. खोलीत टेबलाखाली बसून चित्रं काढते आहे. काका आले नाहीत.

तिला विचारलं, शाळेत कुणी भेटलं होतं का. म्हणाली, बाबा. रोज फाटकाशी असतात. पण बाई सोडत नव्हत्या. कागद नव्हता ना.

१४ जून, पावणेचार
पाणी आणायला गेले. दोन मिनिटं. टेबलाखाली खडू आहेत. बूट आहेत.

मजले बघितले. सगळे. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, वडलांचा हात धरून – हसत –

१५ जून
नऊ दहा. रांगेत एक काम. एक पान. मालक – ठमी. पूर्ण नाव. तिचं इथे खातं नाही. कधीच नव्हतं.

चोवीस तास. मग पुसलं जाईल.

तिच्या नावापुढे दोन प्रतिनिधी. मी. आणि हे.

सोडलं तर येईल का ती. ह्यांचं सोडलं तेव्हा हे आले. तशीच –

कार्ड हातात आहे.

पडद्यावरची ओळ हलली. मी अजून टेकवलेलं नाही. मी नाही –

सुटलं. तळमजला. सोडणारा –

जिना –