चूक उसवणारी

ड्युनेडिन, न्यूझीलंड, जुलै

बाबांना आणि वावाऊ बेटावरच्या घरी सगळ्यांना सेइनीचा नमस्कार.

मी बरी आहे. खोलीत हीटर आहे, बाजारात रताळी मिळतात. इथे हिवाळा आहे, पण थंडीची काळजी करू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

दिवसभर काय करतेस, असं विचारलंत. जंतूंच्या पोटात प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात. आरएनए नावाच्या लांब धाग्याला नीट घड्या पडल्या, की ते उभे राहतात. घडी चुकली, तर एक एन्झाइम, म्हणजे मदतनीस प्रथिन, येऊन ती सोडवतं आणि निघून जातं. आत्या नाही का, माझी चटई ओढून घ्यायची! "गाढवे, डोळे कुठे होते?" म्हणत चुकलेली पात उसवायची आणि परत माझ्याच हातात द्यायची.

काल आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आयलीन बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तयार कारखान्यात ते एन्झाइम सापडतच नाही. मग त्याची गरज होती कशावरून?"

मी गारठ्यात वाढवलेल्या दोन बशा पुढे ठेवल्या. एन्झाइम असलेल्या जंतूंची बशी भरून गेली होती. नसलेल्यांची जवळजवळ कोरी होती.

"उबेत त्याच्यावाचून निभावतं, बाई. थंडीत नाही."

एवढं बोलले आणि बशा उचलून घाईघाईने पाठ फिरवली. सगळ्यांना वाटलं, घाबरले.

आत्या गेली तेव्हा मला येता आलं नाही. माझी अर्धी राहिलेली चटई दुसऱ्या कुणाला विणू देऊ नका. चुकत चुकत मीच पुरी करीन.

बाबा, यंदा इथे थंडी फार आहे.

तुमची,
सेइनी