मावशींच्या शेकोटीचं सहा वीत तोंड

तीर्थरूप वहिनीस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीअंती फेडीन.) तुझे गुडघे, दादाचा राग आणि धाकटीचा हलणारा दात, तिन्ही आपापल्या जागी शांत असतील अशी आशा करतो. माझं विचारशील तर मी ठणठणीत आहे. फक्त भुवया अर्ध्या जळल्या आहेत, पण त्या परत येतात असं इथे सगळेच म्हणतात.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा मी बेकरीत होतो. ती सुटली. (का सुटली ते विचारू नकोस, पाव कुणाचेही करपतात.) मग नदीकाठाने चालत चालत या गावी पोचलो आणि आता एका मावशींकडे राहतो. आपल्या नात्यातल्या नव्हेत, सगळं गावच त्यांना मावशी म्हणतं. त्या शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन आहे. रस्त्याने जाणाऱ्याच्या कोटाची उसवलेली बाही त्यांना आतूनच दिसते, आणि दिसली की त्या त्याला हाक मारून आत घेतात. तो बिचारा नको नको म्हणेपर्यंत बाही शिवून झालेली असते. मी लाकडं फोडायची, पाणी भरायचं आणि त्याबदल्यात माळ्यावर झोपायचं, असं आमचं ठरलंय.

आता मुख्य गोष्ट. थंडी पडली की त्या खोलीत मावशींची बोटं वळत नाहीत. भिंतीत एक शेकोटी आहे. (म्हणजे फायरप्लेस गं. भिंतीत मोठा कोनाडा, त्यात लाकडं पेटवायची. धूर धुराड्यातून वर जातो आणि ऊब खोलीत येते. निदान तशी अपेक्षा असते.) पण ही इतकी चिंचोळी होती, की मांजर समोर बसलं तर माणसाच्या वाट्याला ऊब उरत नसे. विटाही सुटल्या होत्या. मावशींचा मुलगा आणि सून शहरात असतात. त्यांनी यंदा निक्षून कळवलं, की आम्ही येऊन बघणार. खोली उबदार असेल तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि आई आमच्याकडे. त्यांच्या फ्लॅटमध्ये बटण दाबलं की ऊब येते म्हणे.

“येत असेल,” मावशी म्हणाल्या. “पण खिडकीतून काय दिसतं, तर समोरच्या फ्लॅटची खिडकी. तिला कायम पडदा. तिथे बसून मी कुणाची बाही बघू?”

वहिनी, हे त्या इतक्या हळू म्हणाल्या, की माझ्या तोंडून निघून गेलं, “मावशी, शेकोटी मी नवी करून देतो. भट्टीवर काम केलंय मी.” (केलं होतंच. पावाचे ट्रे उचलायचं.)

आराखडा मी कोळशाने भिंतीवरच काढला. विचार साधा होता. घराचं दार मोठं तर पाहुणे जास्त, तसं शेकोटीचं तोंड मोठं तर ऊब जास्त. यात कुठे चूक दिसते का तुला? मलाही दिसली नाही. माप घ्यायला टेप हवी होती, पण ती मी लाकडाच्या मोळीला बांधली होती आणि मोळी गावात कुठेतरी पोचती झाली होती. म्हणून वितीने मोजलं. आपल्या घरी पडद्यापासून पलंगापर्यंत सगळं वितीने मोजतात, आणि तो पलंग दारातून आत गेला नाही एवढं सोडलं तर कधी काही बिघडलेलं मला आठवत नाही.

इथल्या गवंड्याला सगळं गाव पैलवान म्हणतं. तो मला लाकडाच्या वखारीत भेटला. मी म्हटलं, सहा वीत रुंद आणि पाच वीत उंच. त्याने खुशीने मान डोलावली. तोही वितीने मोजणारा निघाला, त्यामुळे आमचं जागच्या जागी जमलं. निघताना त्याने हात मिळवला आणि माझा हात मनगटापर्यंत दिसेनासा झाला. वास्तविक तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी त्याच्या पकडीचं कौतुक करत बसलो.

काम सुरू झालं आणि मी वाळू आणायला नदीवर गेलो. तिथे लोक एक बुडालेली होडी वर ओढत होते. आता होडी बुडताना सगळ्यांनीच पाहिलेली असते गं, पण वर येताना कोण बघतं? मी दोराला हात लावला. मग होडी उलटी करून वाळत घातली, मग तिला डांबर लावलं, मग होडीवाल्याने जेवायला घातलं. घरी आलो तो दुसरा दिवस कलला होता. आणि वाळू विसरली होती.

पण वाळूचं कुणी नाव काढलं नाही, कारण पैलवानाने वाळू आपली आपण आणून काम संपवलं होतं. मावशी मशीनवर हात ठेवून भिंतीतल्या त्या भगदाडाकडे बघत होत्या.

“शेकोटी सांगितली होतीस का गोठा?”

पैलवानाला ते लागलं. “सहा वीत म्हणाले, सहा वीत आहे. मोजून घ्या,” असं म्हणून त्याने आपला पंजा भिंतीवर पसरला. वहिनी, तो पंजा नव्हे, सूप आहे. त्याच्या सहा वितींत माझ्या आठ सहज बसतात. शेकोटीत वासरू उभं राहिलं असतं, वर मान हलवायलाही जागा उरली असती.

मी म्हटलं, मोठं तर मोठं, ऊबही मोठी येईल, आणि लाकडं रचून पेटवलं. तोंड वाढलं होतं, पण धुराडं होतं तेवढंच राहिलं होतं. घास हत्तीचा आणि घसा उंदराचा. धुराने वर जायचा एकदा विचार केला असावा, मग तो सगळाच्या सगळा खोलीत आला. वर काय अडलंय ते बघायला मी आत डोकं घातलं, तिथे भुवया गेल्या. शेजारी बादल्या घेऊन धावले. आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर दारात मुलगा आणि सून उभे! लवकर आले होते, आईला आनंद व्हावा म्हणून.

मुलगा साधा माणूस आहे, शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटतं. सूनबाई दातांच्या डॉक्टर. वाईट नाहीत गं, सासूला न्यायचं म्हणत होत्या ते काळजीपोटीच. मावशींनी त्या धुरातही चहा केला, चांगला मोठा पत्र्याचा ट्रे भरून आणला. कुणाला कोण दिसत नव्हतं, नुसते कप उचलल्याचे आवाज. सूनबाई खोकत म्हणाल्या, “आई, आता मात्र काही बोलू नका. सामान बांधा.” मावशींनी मशीनवर कापड झाकलं.

मग सूनबाई आग विझवायला पुढे झाल्या. धूर तोंडावर येऊ नये म्हणून त्यांनी तो रिकामा ट्रे आडवा धरला, शेकोटीच्या वरच्या कडेला टेकवून. आणि धूर थबकला. मागे वळला, आणि शहाण्या मुलासारखा धुराड्यात शिरला.

सूनबाईंनी ट्रे खाली घेतला. धूर बाहेर. वर धरला. धूर गडप. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. (आता घेता येत होता तरी.)

“तोंड फार उघडलंय हे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “माझ्या खुर्चीवर कुणी इतका आ केला तर मी सांगते, थोडं मिटा.”

मी त्यांच्याकडे बघत होतो. ट्रे खाली ठेवला असता तर त्या जिंकल्या होत्या, मावशी संध्याकाळच्या गाडीत बसल्या असत्या. त्या ट्रे धरून उभ्या राहिल्या. हात भरून आला तसा दुसऱ्या हातात घेतला. हळूहळू खोली तापली. मग मागे कापड सरकल्याचा आवाज आला आणि मशीन चालू झालं. आधी अडखळत, मग सरळ. सूनबाईंनी मान वळवून सासूची बोटं पाहिली, बराच वेळ पाहिली. मग नवऱ्यावर ओरडल्या, “अहो, बघत काय राहिलात? मी काय हिवाळाभर अशी उभी राहू? पत्रा आणा!”

ट्रेच्या जागी कायमचा बसवायच्या पत्र्याचं माप त्यांनी पर्समधल्या पट्टीने घेतलं. मला आणि पैलवानाला हात मागे बांधून उभं केलं होतं. उरलेल्या विटा पैलवानाला परत न्यायला जिवावर आलं, म्हणून त्याने शेकोटीच्या आतच दोन्ही बाजूंना एकेक ओटा बांधला. तोंड आणखी मिटलं, आणि मधे आग ठेवून चक्क आत बसता येऊ लागलं. ज्यांच्या बाह्या धड आहेत तेसुद्धा आता मावशींकडे येऊन बसतात. मुलगा आणि सून काल आनंदाने परत गेले. मावशी इथेच आहेत.

तर अशी सगळी मजा आहे. मोठ्यांना माझा दंडवत सांग, लहानांना माझ्या वतीने एकेक चिमटा काढ.

तुझा धाकटा आणि एकुलता एक दीर

ता. क. एक सांगायचं राहिलं. सूनबाईंनी जाताना अट घातली: आईंनी वाकायचं नाही, लाकडं वाहायला, राख काढायला हिवाळाभर घरात कुणीतरी हवं. मावशी म्हणाल्या, “हा आहे की.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात बिस्कीट होतं, त्यामुळे मी नुसती मान हलवली. वहिनी, अख्खा हिवाळा! अंगाचा एक साबण संपेपर्यंतसुद्धा मी कुठे राहिलेलो नाही, तुला माहीत आहे. तेव्हा कृपा करून उलट टपाली लिही, की दादाचा पाय मोडला आहे, ताबडतोब निघून ये. उजवा लिही. डावा मी बेकरीत वापरला.

ता. क. दुसरा. रात्री पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून सकाळी लिहितोय. मावशी उठायच्या आधी शेकोटी पेटवली. पहिल्याच काडीत पेटली. धूर कुणी न सांगता वर गेला. मी म्हटलं, जरा ओट्यावर टेकावं, मग निघायचं बघू. टेकलो तो टेकलोच. मावशी उठून बाहेर आल्या. समोरच्या ओट्यावर बसून हात शेकत राहिल्या. दादाचा पाय राहू दे. लोकरीचे मोजे पाठव, जाड. एका जोडावर भागणार नाही, इथला हिवाळा लांबतो म्हणतात.