मीटर न बसलेल्या इमारतीतली मुलगी

प्रिय आये,

तू गेल्याला आठ महिने झाले आणि लिहायला मुहूर्त आज लागला. आज शाळेत नावं नोंदवायच्या खिडकीवर बसले असताना माझी मलाच लाज वाटली. ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

मुर्धा गावातल्या एका साइटवर काम करणारी बाई मुलीला घेऊन आली होती. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतच राहतात. मी सवयीने म्हटलं, "पत्त्यासाठी लाइट बिल आणा." ती म्हणाली, "मॅडम, बिल कहाँ से लाऊँ? बिल्डिंग में मीटर ही नहीं लगा." मुलगी तेल लावून, दोन वेण्या घालून आली होती गं!

आपणही असेच राहायचो ना? तू विटा वाहायचीस. इमारत पुरी झाली की बिऱ्हाड पुढच्या साइटवर. शाळेत माझं नाव घालताना तू शेजारच्या राई गावातल्या मावशीचं लाइट बिल लावलंस आणि मला दटावलंस, "कुनी इचारलं तर मावशीकडं ऱ्हाते म्हनायचं. खरं बोललीस तर नाव काढतील." चौथीपर्यंत मी रोज मैत्रिणींबरोबर राईला चालत गेले आणि त्या घरात शिरल्या की उलटी फिरले. किती राग यायचा तुझा! एवढं काय घाबरायचं, असं वाटायचं.

मोठ्या बाई आज मागेच उभ्या होत्या. नव्याच आल्यात. म्हणाल्या, "सुमन, कागद नाहीत म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. कायदाच आहे तसा. घे नाव लिहून."

एवढं सोपं होतं, आये! मी लिहिलं, 'पत्ता: बांधकाम चालू इमारत, मुर्धा.' मुलगी लगेच पहिलीच्या वर्गात जाऊन बसली.

आणि तीन वर्षं मी त्या खिडकीवर बसतेय. किती जणींना बिल आणायला पिटाळलं! बऱ्याचशा परत आल्याच नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "घे, आता तूच बिल मागाय लागलीस!"

रविवारपासून कोरे फॉर्म घेऊन राई-मुर्ध्याच्या साइट फिरणार आहे. ज्यांना परत पाठवलं त्या भेटतीलच असं नाही, बिऱ्हाडं हलली असतील. भेटेल तिला आधी सांगेन, चूक माझी होती. मग मुलीचं नाव लिहून घेईन, ती राहते त्याच पत्त्यावर.

आणि तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. गुन्हा तू केला नव्हतास, आये. लेकीच्या हक्काचं मागायला तुला खोटं बोलावं लागलं.

तुझीच,
सुमी