बोलून दाखवल्याबद्दल

टेरेन्स,

शनिवार, १२ जुलै, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तू तोंड उघडलंस. पिट्सबर्ग, आपल्या बेसबॉलच्या सहलीतलं शेवटचं मैदान. नऊपैकी आठव्या डावापर्यंत समोरच्या संघाला एकही फटका मारता आला नव्हता. अशा वेळी त्याबद्दल ब्रसुद्धा काढायचा नसतो, नजर लागते, हे तू चार वर्षांचा असताना तुला शिकवलंय. अख्खं स्टेडियम चर्चसारखं गप्प होतं, आणि तू हॉट डॉग चघळत म्हणालास, "मॉम, एकसुद्धा फटका नाही गं!"

पुढच्याच चेंडूवर फटका बसला. मागचा म्हातारा ओरडला, "बाई, पोराचं तोंड शिवा!"

तेवढ्यावर भागलं नाही. परतताना गाडीत शीळ घालत म्हणालास, "दोन वर्षं झाली, मॉम. कॅन्सर गेला. मी बरा झालो."

गाढवा! दोन वर्षं मी हे प्रार्थनेतसुद्धा उच्चारलं नाही. शाळेतल्या नन्सनी छडी मारून शिकवलेलं गप्प राहणं सगळं तुझ्यासाठी वापरलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. पण एवढ्या ओळी कापून पाठवते: शुक्रवारी तुझी तपासणी आहे. काही निघालं नाही, असं संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोनवर बोलायचं नाही.

तुझी आई,
रोझमेरी