याचं इंजिनिअरिंग झालंय

सोमवार, ३ मार्च. सकाळ.
वॉशिंग मशीन चालेना. आत कपडे आहेत, साबण आहे, नळाला पाणी आहे, वीज आहे. दार नीट लागलेले आहे असे माझे मत. मशीनचे मत वेगळे असावे, कारण लाल दिवा सारखा लुकलुकतो आहे. ही दार लावताना त्याला कमरेने एक धक्का द्यायची आणि ‘चल गं बाई’ म्हणायची. दोन्ही गोष्टी अशास्त्रीय असल्यामुळे मी त्या बंद केल्या आहेत.

(व्याकरणदृष्ट्या आता ‘ही’ऐवजी ‘ती’ लिहायला हवे. जुलैपासूनच लिहायला हवे होते. रोजनिशीपुरते ‘ही’च ठेवतो. पुढे पाहू.)

काळजीचे कारण नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पंपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षे काढली, त्यांतली बहुतेक टेंडर-मंजुरी विभागात. माझ्या सहीवाचून त्या कारखान्यात एक वॉशरसुद्धा आला नाही.

तरी रीत म्हणून कंपनीला फोन केला. मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, आमचे इंजिनिअर परवा येतील. मी विचारले, कोणत्या विद्यापीठाचे? ती म्हणाली, सर, प्लीज लाइनवर राहा. पुष्कळ वेळ संगीत ऐकले. उत्तर आले नाही, यातच उत्तर आले.

इंजिनिअर ही पदवी आहे. ते पाळण्यातले नाव नव्हे की वाटेल त्याने ठेवून घ्यावे. सबब संकल्प: मशीन स्वतः दुरुस्त करणे, आणि हा शब्द ज्यांचा नाही त्यांच्याकडून तो काढून घेणे. दोन्ही कामे बावीस तारखेच्या आत, कारण त्या दिवशी लेक, जावई आणि नात येत आहेत.

ती मंडळी का येत आहेत, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. लेकीने तिच्या घरची मागची खोली रंगवून घेतली आहे. सहज, म्हणाली. मला कोणता रंग आवडतो, हेही सहजच विचारून घेतले होते. इथे घर विस्कटलेले दिसले की मला सामानासकट उचलतील. हे घर हिने लावलेले आहे. ते सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

बुधवार, ५ मार्च.
कंपनीचा माणूस आला. शर्टाच्या खिशावर भरतकामात ‘सर्व्हिस इंजिनिअर’. उंबरठ्यावरच पदवी विचारली. म्हणाला, काका, शर्ट कंपनीने दिलाय. उद्या ‘पायलट’ लिहून दिला तरी घालीन, फक्त मापाचा पाहिजे.

मी त्याला तंत्रज्ञ आणि अभियंता यांतील भेद समजावून दिला. कठड्याला टेकून त्याने तो पूर्ण ऐकला आणि म्हणाला, पटलं. आता मशीन बघू? तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे नाही म्हणालो. त्याने मोबाइलवर काही लिहिले व त्याखाली माझी सही बोटाने करून घेतली: ‘ग्राहक घरी आहेत. मशीन घरी आहे. भेट होऊ दिली नाही.’

भाषा नेटकी आहे. इंजिनिअरची मात्र नाही.

त्याला चहा विचारायचा राहिला. ते खाते हिच्याकडे असे.

शुक्रवार, ७ मार्च.
मशीनचे मागचे झाकण उघडले. घाई न करता प्रथम रेखाचित्र काढले; आखणीची टी-स्क्वेअर पट्टी अजून सरळ आहे. कोपऱ्यात रीतसर चौकट आखली: काढणारा, तपासणारा, मंजुरी देणारा. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी माझी सही. मधली जागा रिकामी ठेवावी लागली. माझी कोणतीही योजना ही चष्म्यावरून पाहायची आणि ‘हं’ म्हणायची. तो ‘हं’ संमतीचा असतो, असे मी सुरुवातीपासून धरून चाललो आहे.

लेकीचा फोन. समोरच्या दारातल्या वहिनींनी तिला सगळे कळवलेले दिसते. म्हणाली, बाबा, आई मारायची तशी कंबर मारून बघा ना एकदा. मी सांगितले, या वयाला आणि या हुद्द्याला ते शोभणार नाही. म्हणाली, मग यांना पाठवते रविवारी, तेही इंजिनिअरच आहेत. मी सौम्यपणे म्हणालो, जावईबापू कंप्युटरवर काम करतात. मग लांबून जावयांचा आवाज: खरं आहे बाबांचं, मी फक्त बंद करून परत चालू करतो.

माणूस स्वभावाने चांगला आहे. आपली मर्यादा ओळखतो.

रविवार, ९ मार्च.
इमारतीची सभा. माझा ठराव: दारावरच्या पाटीवर ‘इंजिनिअर’ लिहायचे असल्यास सेक्रेटरींना पदवी दाखवावी. एकमताने मंजूर होईल, अशी अपेक्षा होती.

वरच्या मजल्यावरचा साउंड इंजिनिअर म्हणाला, काका, तुम्ही जिन्यात दिसलात की मी आवाज कमी करतो. ते इंजिनिअरिंग नाही का? चौथ्या मजल्यावरचा सेल्स इंजिनिअर काकुळतीला आला. म्हणाला, कार्डावरून तेवढा शब्द गेला तर नुसतं ‘सेल्स’ उरतं हो, लोक दार लावून घेतात. डॉक्टरीणबाई तरी माझ्या बाजूने उभ्या राहतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, कोपऱ्यावर मोबाइलचा डॉक्टर बसतो, त्याच्या शेजारी बुटांचा दवाखाना आहे, मी कधी काही बोलले? उलट त्यांच्याकडे रांग जास्त असते.

मी शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागलो. सेक्रेटरी म्हणाले, ते सगळं ठीक, पण तुम्ही जर खरे इंजिनिअर, तर आपल्या लिफ्टचं जरा बघता का? मी स्पष्ट केले की लिफ्ट हा इलेक्ट्रिकलचा विषय आहे. मागून कोणीतरी म्हणाले, आणि मशीन हा धोब्याचा. हशा. आवाज ओळखला, पण लिहीत नाही.

ठराव अभ्यासासाठी समितीकडे सोपवला आहे. समितीत मी एकटाच आहे. तेव्हा निर्णय अनुकूल लागण्यास हरकत नसावी.

बुधवार, १२ मार्च.
वर्तमानपत्राला सविस्तर पत्र पाठवले होते, ते आज छापून आले. नऊ पानांच्या सहा ओळी केल्या आहेत, पण मुद्दा शाबूत आहे. मथळाही चांगला: ‘इंजिनिअर कोणास म्हणावे?’

खाली नावाच्या जागी: ‘एक निवृत्त तंत्रज्ञ’.

आज आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

गुरुवार, १३ मार्च.
कपडे हाताने धुतले. सिद्धांत सोपा आहे: पाणी, साबण, घर्षण. माझे सर्व पांढरे शर्ट फिकट गुलाबी झाले. दोष हिच्या तांबड्या शालीचा. ती आता कोणी वापरत नाही, म्हणजे मळण्याचा प्रश्न नाही. तरी दर आठवड्याच्या धुण्यात मी ती घालतो. का घालतो, हे तपासले पाहिजे. सवडीने.

स्वच्छ असा एकच कपडा उरला, पदवीदान समारंभाचा कोट. तोच घालून भाजी आणायला गेलो. कोट अजून होतो. बटणे लागत नाहीत, पण ती लावलीच पाहिजेत असा नियम नाही. भाजीवाली म्हणाली, आज कुठं भाषण आहे का, काका? बटाटे मात्र तिने निवडून दिले. पदवीचा मान अजून शिल्लक आहे.

रविवार, १६ मार्च. दुपार.
जोडणी पूर्ण. चार स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. मूळ डिझाइनमध्ये किती उधळपट्टी होती, हे यावरून सिद्ध झाले.

चाचणी घेतली. मशीन चालू झाले. त्यानंतर ते चालूही लागले. न्हाणीघरातून निघून थेट पॅसेजच्या दारापर्यंत आले, तिथे वायर संपल्यामुळे थांबले, आणि घरातले, जिन्यातले व लिफ्टचे असे सगळे दिवे एकदम गेले. लिफ्टमध्ये सेल्स इंजिनिअर होता. त्याने आतून वापरलेले शब्द त्याच्या कार्डावरच्या शब्दाला शोभणारे नव्हते.

समोरच्या वहिनी धावत आल्या. मशीनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, अगं बाई, भाऊजी! इंजिनिअरिंग झालं वाटतं!

खरे सांगायचे तर बरे वाटले. इतक्या दिवसांत हा शब्द योग्य जागी, योग्य माणसासाठी कोणीतरी प्रथमच वापरला. हिलाही तो असाच आवडे. भिंतीवरच्या घड्याळाची मी एकदा संपूर्ण देखभाल केली. तेव्हापासून ते शोभेला आहे. आल्या-गेल्याला ही ते बोटाने दाखवून म्हणे, याचं इंजिनिअरिंग झालंय. छत्रीच्या वेळी तेच. मिक्सरच्या वेळी तेच. पाहुणे वळून माझ्याकडे पाहत. मी किंचित मान लववीत असे.

इतका अभिमान बायकोला नवऱ्याचा असणे आता दुर्मीळ आहे.

मंगळवार, १८ मार्च.
लिफ्टवर सेक्रेटरींची सूचना लागली आहे: ‘लिफ्टचे इंजिनिअरिंग झाले आहे. कृपया जिना वापरावा.’

वाक्यरचना थोडी खटकली. तथापि माझ्या मोहिमेचा परिणाम दिसू लागला, हे नक्की. लोक शब्द जपून वापरू लागले आहेत.

शुक्रवार, २१ मार्च.
मशीन पॅसेजमध्येच आहे. एकट्याला मागे ढकलता येत नाही. त्यावर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवली. आता ते मुद्दाम ठेवल्यासारखे दिसते. उद्याची तयारी पूर्ण.

शनिवार, २२ मार्च. संध्याकाळ.
मंडळी जिन्याने धापा टाकत वर आली. लेकीने फुलदाणीकडे पाहिले. टेबलक्लॉथ उचलला. मग दोरीवरच्या गुलाबी शर्टांकडे पाहिले, अंगातल्या कोटाकडे पाहिले, आणि हुबेहूब हिच्यासारख्या, एक पायरी खाली आणलेल्या आवाजात म्हणाली, बाबा, आता पुरे झालं. बॅग कुठे आहे तुमची? जावई म्हणाले, अगं, आधी पाणी तरी पी. ती म्हणाली, तुम्ही मध्ये बोलू नका. मी भाषण तयार ठेवले होते. पहिले वाक्य आठवेना.

तेवढ्यात नात मशीनला एक फेरी घालून आली आणि तिने सर्वांना ऐकू जाईल अशी घोषणा केली: आई, आजीच्या मशीनचं इंजिनिअरिंग झालंय!

लेकीने तिच्या तोंडावर हात ठेवला. जावई छताची पाहणी करू लागले. दारात वहिनी होत्या, त्या एकाएकी घरात दूध उतू जातंय म्हणून गेल्या.

मी नातीला जवळ घेतले. विचारले, बाळ, इंजिनिअरिंग होणं म्हणजे काय, सांगशील? तिला प्रश्न सोपा वाटला. म्हणाली, म्हणजे ना, ते आधी चालत होतं. मग नीट केलं.

मी विचारले, कोणी शिकवलं? म्हणाली, आजीने. आमच्याकडे सगळे म्हणतात. बाबांनी माझ्या सायकलचं पण केलं होतं.

जावयांनी मान खाली घातली. माझ्याच पंक्तीला बसले बिचारे.

मी घड्याळाकडे पाहिले. मग छत्री आठवली. मग मिक्सर. मग मान लववणारा मी. मग लिफ्टवरची सूचना. या सगळ्याला थोडा वेळ लागला.

मग लेकीला हसू फुटले. आवरायला गेली, आवरेना. मशीनवरच बसली, फुलदाणी मांडीवर घेऊन, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाणी हसण्याचे होते तोवर ठीक होते. नंतर ते नुसतेच येत राहिले. जुलैपासून ती माझ्यासमोर रडलीही नव्हती आणि हसलीही नव्हती. मला त्रास होऊ नये म्हणून असावे. मीही तिच्यासमोर तसाच वागत आलो होतो. आज अंगात कोट असल्यामुळे खिशात रुमाल मिळाला नाही. गुलाबी शर्ट दिला.

डोळे पुसून ती म्हणाली, बाबा, तुम्ही इथेच राहा. आमच्या घरातली सगळी मशिनं चालू आहेत.

घर सोडण्याचा प्रश्न अशा रीतीने माझ्या बाजूने निकालात निघाला.

रविवार, २३ मार्च.
समितीचा अहवाल सेक्रेटरींना दिला. एकाच वाक्याचा आहे: सदर शब्द आमच्या घरातून याआधीच सर्वांना वाटून झालेला असल्यामुळे तो परत मागता येत नाही.

सेक्रेटरींनी वाचला. हिच्याबद्दल म्हणाले, वहिनींचा शब्द, होय ना? जिन्यात भेटल्या की विचारायच्या, आज कशाकशाचं इंजिनिअरिंग झालं? मग त्यांनी लिफ्टवरची सूचना काढून घेऊ का, असे विचारले. मी म्हणालो, राहू द्या.

सोमवार, २४ मार्च.
इंजिनिअर आले. तोच शर्ट. आधी चहा दिला. साखर किती, तेही विचारले. मशीनमध्ये डोके घालून बराच वेळ पाहिल्यावर ते म्हणाले, काका, पहिला बिघाड काय होता? मी म्हणालो, लाल दिवा. म्हणाले, तो आता नाही सापडायचा, त्याच्यावर बरंच काही रचलंय. सुटे भाग मागवावे लागतील. फॉर्मवर कारण काय लिहू?

मी म्हणालो, याचं इंजिनिअरिंग झालंय.

त्यांनी तसेच लिहून घेतले. उच्चार माझा शुद्ध होता. पण ही ‘झालंय’च्या आधी जराशी थांबायची आणि माझ्याकडे बघायची. ते मला जमले नाही.